लॅपटॉपवर कोरलेलं नाव

आमच्या घरात ज्या वस्तूवर नाव घालायचं मशीन चालू शकतं त्या प्रत्येक वस्तूवर नाव कोरलेलं आहे. पातेली, पराती, कळशी, डबे आणि डब्यांची झाकणंसुद्धा, कारण झाकणं आधी हरवतात असं आईचं म्हणणं. नाव वडिलांचं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या तेर गावातल्या कुठल्याही लग्नाला, बारशाला किंवा तेराव्याला आमचं मोठं पातेलं गेलं की ते आईच्या हातात परत येतंच. परत आलं की ती ते उलटं करते, बुडावरून बोट फिरवते आणि मगच मांडणीवर ठेवते. डोळ्यांवर तिचा भरवसा नाही, बोटांवर आहे.

माणसांवर तर अजिबात नाही. गिरणीत दळण टाकलं की शेवटची चिमूट डब्यात पडेपर्यंत ती गिरणीवाल्यासमोरून हलायची नाही. गादी पिंजायला दिली तर पिंजणाऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायची. सोनाराकडं गेली तर पाणीही प्यायची नाही, का तर पाणी पिताना मान वर होते आणि तेवढ्यात काय व्हायचं ते होऊन जातं. मी तिचीच मुलगी आहे. फरक एवढाच की तिचा संशय माणसांवर आणि माझा कंपन्यांवर.

माझा संशय मी कष्टानं कमावलेला आहे. पुण्यात होते तेव्हा माझ्या पहिल्या लॅपटॉपची बॅटरी फुगली आणि टचपॅड पुरीसारखं वर आलं. कंपनी म्हणाली, तुम्ही तो सारखा चार्जिंगला लावत असाल. दुसरा दुसऱ्या कंपनीचा घेतला, त्याचं बिजागर निखळलं. ती कंपनी म्हणाली, तुम्ही तो जोरात उघडत असाल. लॅपटॉप चार्ज न करता आणि न उघडता वापरायचा असतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तिसरा घ्यायची वेळ आली तेव्हा मी ओळखीतल्या सगळ्यांना विचारत सुटले आणि लक्षात आलं की जो तो स्वतःच्या कंपनीला शिव्या देतो आणि जी कधी वापरली नाही तिची शिफारस करतो. धाराशिवच्या दुकानदारानं एका कंपनीची तोंड भरून स्तुती केली. त्याच कंपनीची खोकी त्याच्या पाठीमागं छतापर्यंत रचलेली होती, हे मला दिसत होतं. तरी मी तोच घेतला. बाकीच्या दोन कंपन्यांचं सोसून झालं होतं, आता हिचं बघू म्हटलं.

तिसरा घ्यावा लागला कारण मी तेरला परत आले होते. आई अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि वॉकर धरून दारापर्यंत जाणं एवढंच तिचं चालणं उरलं. मी एका फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या कंपनीच्या ग्राहकसेवेत काम करते, म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या मराठीत आणि हिंदीत ऐकते. आमच्या मॅनेजरबाईंनी घरून काम करायची परवानगी दिली, पण अट घातली. लॅपटॉप माझा असेल आणि काम अडता कामा नये. ऑफिसचे लॅपटॉप ऑफिसात येणाऱ्यांनाच. अडलं तर मुकाट्यानं पुण्याला हजर व्हायचं.

आई तर पुण्याला यायला तयार नव्हती. "तिथं माझं कोन हाय? तुज्या खोलीत दिवसभर भिंतीकडं बघत बसू व्हय?" तिचंही खरं होतं. इथं दारात खुर्ची टाकून बसलं की सगळा रस्ता तिच्या नजरेखालून जायचा. तेव्हा हिशोब सरळ होता. तो लॅपटॉप चालू आहे तोवर मी आईजवळ. बंद पडला की मी पुण्यात आणि आई एकटी.

आणि तो बंद पडायला लागला. स्क्रीन मधूनच काळी व्हायची. ग्राहक तावातावानं बोलतोय, मी त्याचा फ्रिज शोधतेय आणि समोर अचानक अंधार. पुन्हा चालू करायचा, पुन्हा लॉगिन, तोवर ग्राहक फोन आपटून गेलेला. मी कंपनीला फोन लावला.

पलीकडच्या मुलीनं आपलं नाव सांगितलं. ते खोटं असणार हे मला ठाऊक होतं, कारण कामावर मीही दुसरंच नाव सांगते. ती म्हणाली, "आपली गैरसोय मी समजू शकते." हे वाक्य मी रोज म्हणते, आणि ते म्हणताना डोक्यात दुपारच्या भाजीचा विचार चालू असतो हेही मला माहीत आहे. मग तिनं लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितला. मग बॅटरी पूर्ण उतरवून परत चार्ज करायला सांगितलं. मग म्हणाली, तक्रार वरिष्ठांकडं पाठवते. वरिष्ठांकडं म्हणजे कुठंही नाही. आमच्या धंद्यात वरिष्ठ म्हणजे शेजारच्या खुर्चीतली मुलगी, जी जरा जड आवाजात बोलते.

स्वतः भटजी असून दुसऱ्याच्या पूजेत बसावं तशी माझी गत झाली. कुठं मंत्र गाळला, कुठं घाईनं उरकला, सगळं कळत होतं आणि तरी हात जोडून बसावं लागत होतं.

इंजिनिअर घरी येईल असं ठरलं. आला नाही. संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला की आमचे प्रतिनिधी आपल्या पत्त्यावर येऊन गेले, घर बंद होतं. मी तो आईला वाचून दाखवला. दिवसभर दारात बसलेल्या बाईला सांगताहेत की घर बंद होतं!

"दारावरनं कुत्रं गेलं तरी मला कळतंय," आई म्हणाली. "हा इंजनेर काय वरनं उडून गेला?"

मी परत फोन केला, भांडले. तेव्हा दुसऱ्याच मुलीनं सांगितलं की तुमच्या गावाला घरी येऊन सेवा देण्याची सोयच नाही, सोलापूरच्या सेवा केंद्रात घेऊन जावं लागेल. म्हणजे जिथं येणारच नव्हते तिथं येऊन गेल्याचं कळवून मोकळे झाले होते.

त्या दिवसांत आई माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायची. लॅपटॉप काळा पडला की मी ओरडायची, आणि ती वॉकर टेकत खोलीच्या दारात येऊन उभी राहायची. आधी स्क्रीनकडं बघायची, मग माझ्याकडं. एकदा म्हणाली, "खरंच बिघडलाय व्हय?"

"मग काय खोटं सांगते का मी?"

"तसं न्हाय. आता तर चालू दिसतोय."

ती नजर मला कुठंतरी पाहिल्यासारखी वाटत होती, पण तेव्हा मी कंपनीशी भांडण्यात इतकी गुंतले होते की विचार पुढं गेला नाही. तेवढ्यात मॅनेजरबाईंचा फोन आला. असं अडतंय तर चालायचं नाही, सोमवारच्या आत काहीतरी कर, नाहीतर ऑफिसला ये. मी आतल्या खोलीत जाऊन, आवाज खाली आणून बोलले. "नाहीच झालं तर येते मॅडम," असं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सोलापूरला निघायचं म्हणून मी बिलाची झेरॉक्स काढायला चौकात गेले. परत येताना गल्लीच्या तोंडालाच घर्रर्र असा आवाज आला. शेजारी लग्न होतं आणि रुखवताच्या भांड्यांवर नावं घालायला भांड्याच्या दुकानातला माणूस मशीन घेऊन आलेला मी जाताना बघितला होता. पण आवाज शेजारून येत नव्हता, आमच्या घरातून येत होता. आत गेले तर माझा लॅपटॉप पाटावर पालथा घातलेला, तो माणूस त्याच्यावर वाकलेला आणि आई खुर्ची टाकून बरोब्बर त्याच्यासमोर बसलेली.

"अहो, काय करताय काय!" मी ओरडले.

"झालंच ताई," तो म्हणाला आणि फुंकर मारून भुसा उडवला.

काळ्या प्लॅस्टिकवर पांढऱ्या ठिपक्यांत माझं नाव होतं. त्या माणसाचा काय दोष, तो तर बोलावला म्हणून आला होता. तो गेल्यावर मात्र आईवर तुटून पडले. "अगं, हे पातेलं आहे का? कंपनीवाले आधीच कारणं शोधत बसलेत. आता म्हणतील, तुम्हीच खराब केला."

"सोलापूरला चाललाय न्हवं?" आई शांत होती. "बाहेर चाललेल्या वस्तूवर नाव नको? तूच म्हनतीस, आतलं काढून घेत्यात, बदलत्यात."

हे मीच म्हटलं होतं. मी लॅपटॉप उचलला आणि तेव्हा नीट बघितलं. माझं नुसतं नाव होतं. पुढं वडिलांचं नाही, आडनाव नाही, काही नाही.

"पुढचं काय टाकायचं ते मला कळंना," आई म्हणाली. "म्हनलं ऱ्हाऊ दे."

माझ्या लग्नात आईनं दिलेल्या सगळ्या भांड्यांवर माझ्या नवऱ्याचं नाव घातलं होतं. रीतच तशी आहे. घटस्फोट झाला तेव्हा त्यातली एक वाटीही मी आणली नाही. रोज जेवताना ताटात ते नाव कोण वाचणार? आईनं त्या भांड्यांबद्दल मला कधीच विचारलं नाही. गाळणीचासुद्धा छडा लावणारी बाई, पण तेवढा अख्खा संसार परत आला नाही त्याबद्दल अवाक्षर नाही. तिच्या त्या न विचारण्याचा मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त त्रास व्हायचा.

सोलापूरच्या बसमध्ये मी लॅपटॉप मांडीवर धरून बसले. तुळजापूरला गाडी भरली, एक बाई म्हणाली, पिशवी वर ठेवा की. मी ठेवली नाही.

सेवा केंद्रात थंडगार हवा, काचेचं काउंटर आणि टाय लावलेला तरुण. मी म्हटलं, माझ्यासमोर उघडा, मी इथंच बसते. तो हसून म्हणाला, "मॅडम, आत ग्राहकाला परवानगी नाही." आत म्हणजे एक बंद दार. त्या दाराआड काय चालतं हे देवाला आणि कंपनीलाच ठाऊक. मग त्यानं लॅपटॉप उलटा केला आणि त्याचं हसू गेलं.

"हे काय आहे?"

"माझं नाव."

तो आत जाऊन आला. म्हणाला, बाहेरून मशीन चालवलेलं दिसतंय, त्याच्या हादऱ्यानं आतला बोर्ड गेला असणार, हे वॉरंटीत बसत नाही. मला वाटलंच होतं. तिन्ही कंपन्या शेवटी एकाच शाळेत शिकलेल्या. चूक कुठलीही असो, करणारा ग्राहकच.

पण इथं माझा धंदा कामाला आला. मी तिथंच, काउंटरवर कोपर टेकवून, कंपनीला फोन लावला आणि पहिल्याच वाक्याला विचारलं, "हा कॉल रेकॉर्ड होतोय ना?" हे वाक्य ऐकलं की आमच्याकडं सगळ्यांची पाठ ताठ होते. मग हळूहळू, शब्द सुटा करून सांगितलं. माझी तक्रार आधीची आहे, तिचा क्रमांक तुमच्याकडं आहे. नाव काल कोरलंय. उद्या होणाऱ्या हादऱ्यानं आज बोर्ड जातो का, एवढं मला रेकॉर्डिंगवर सांगा. आणि तुमचा इंजिनिअर माझ्या बंद घरावर येऊन गेला, तेही याच रेकॉर्डिंगवर परत एकदा सांगा. पलीकडं बराच वेळ गाणं वाजत राहिलं. मग खरोखरचा वरिष्ठ आला. तो खरा होता, कारण तो गैरसोय समजू शकत नव्हता, सरळ म्हणाला, काउंटरवरच्या माणसाला फोन द्या.

लॅपटॉप ठेवून घेतला. बोर्ड बदलू म्हणाले. तो तरुण मात्र मला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "या वेळी झालं मॅडम. परत असं काही केलंत तर वॉरंटी संपली समजा."

शनिवारी फोन आला, घेऊन जा. मी जाऊन आणला. तिथंच चालू करून बघितला, झाकण हलवून बघितलं, चार्जर लावून-काढून बघितला. स्क्रीन काळी पडली नाही. जिंकल्यासारखी मी घरी आले. सोमवारी काम सुरू होणार होतं, पुणं टळलं होतं. आई दारातच होती. मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला आणि पाणी प्यायला आत गेले.

परत आले तर तिनं तो पालथा घातला होता. बुडावरून तिचं बोट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होतं, परत येत होतं.

"हा आपला न्हाय," ती म्हणाली.

मी घेऊन बघितला. खालचं पॅनेल नवं कोरं होतं. नाव नव्हतं. मी सेवा केंद्रात सगळं तपासलं आणि तो उलटा करून बघायचं विसरले, मी, तिची मुलगी!

"आई, आपलाच आहे. फक्त खालचं झाकण बदललंय त्यांनी."

"झाकन बदलनाऱ्याला आतलं बदलायला किती येळ?"

मी तिला माझे फोटो दाखवले, माझ्या फाईली दाखवल्या. स्क्रीनच्या कडेला हळदीचा जुना डाग होता तो दाखवला. ती डागाकडं बघतच नव्हती. मला चीड आली. इतकं भांडून आणलेली वस्तू, आणि हिला त्या ठिपक्यांचं पडलंय. मी म्हटलं, "नावाचं काय घेऊन बसलीस? चालतोय ना? सोमवारी माझं काम सुरू होईल ना?"

"मग पुण्याला कधी चाललीस?"

मला कळेचना. "पुण्याला कशाला जाईन? त्यासाठीच तर दुरुस्त केला."

"त्या बाईला येते म्हनलीस की. आत जाऊन, हळू आवाजात. मला ऐकू येतंय सगळं, मोडलाय तो खुबा, कान न्हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बिघडला, बिघडला म्हनत हुतीस आन् मी आले की चालू असायचा. मला वाटलं, हिला जायचंय. सरळ सांगता येत न्हाय म्हनून मशीनीचं नाव सांगतीया."

आता ती नजर मला ओळखू आली. गिरणीवाल्याकडं ती तशी बघायची. इतके दिवस मी समजत होते की आम्ही दोघी मिळून कंपनीवर संशय घेतोय. ती माझ्यावर घेत होती.

मला राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. "मग नाव कशाला घातलंस?" मी विचारलं.

"जायचीच हुतीस तर नावानिशी जा म्हनलं. आपलं नाव असलेली वस्तू कुठंबी गेली तरी फिरून घरी येती." मग म्हणाली, "त्या बारीला दुसऱ्याचं नाव घातलं हुतं म्या सगळ्यावर. एक तांब्या परत आला न्हाय."

भांड्यांबद्दल ती बोलली ते एवढंच. मी तिच्या खुर्चीशेजारी उंबऱ्यावर बसून राहिले. तिला वचन द्यावं असं वाटलं, पण माझ्या आईला वचन देऊन काय उपयोग? तिनं आजवर सोनाराचं ऐकलं नाही, ती माझं काय ऐकणार.

रविवारी सकाळी मी स्वतः भांड्याच्या दुकानात गेले आणि त्या माणसाला घेऊन आले. येताना सोलापूरच्या त्या टायवाल्याचं वाक्य डोक्यात होतं. वॉरंटीचे अजून बरेच महिने शिल्लक होते आणि ते मी माझ्या हातानं घालवायला निघाले होते. माझा संशय मला सांगत होता की हा लॅपटॉप परत बिघडणार, बोर्ड जुनाच घालून दिला असणार, आणि त्या वेळी कंपनी दारातही उभं करणार नाही. तो मला अजूनही हेच सांगतो.

त्या माणसानं पाट मागितला, लॅपटॉप पालथा घातला आणि मशीन हातात घेऊन माझ्याकडं बघितलं. "ताई, या टायमाला पूर्ण नाव टाकू का?"

"नको. होतं तेवढंच."

घर्रर्र आवाज सुरू झाला. आई खुर्ची सरकवून त्याच्यासमोर बसली होती. त्यानं भुसा फुंकला तसं तिनं लॅपटॉप ओढून घेतला आणि बोट फिरवलं. अक्षरांवरून एकदा, मग उलटीकडून एकदा.

"आता जायाचं आसंल तरी जा," ती म्हणाली.

"मी कुठं जात नाही, आई."

अक्षरांत अडकलेला भुसा ती पदरानं पुसत राहिली.

सोमवारी सकाळी मी टेबलावर लॅपटॉप उघडला, हेडफोन कानाला लावला आणि पहिल्या ग्राहकाला माझं खोटं नाव सांगून त्याची गैरसोय समजून घेऊ लागले. वॉकरचा आवाज आला म्हणून मान वर केली. आईनं रस्त्याकडची खुर्ची वॉकरनं ढकलत आत आणली, माझ्या बरोब्बर समोर टाकली आणि तीत बसली. शिफ्ट संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.